महाराष्ट्रात बेरोजगारी फक्त ३ टक्के? मग मंदीनंतर ही सगळी पोरं गेली कुठे?

धागाकर्ता: गोदाकाठ

सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रात बेरोजगारी जवळपास संपलेली आहे. केंद्राचं जे श्रमबळ सर्वेक्षण असतं (पीएलएफएस), त्यात आपल्या राज्याचा दर २०१८-१९ ला ५ टक्के होता. पुढच्या वर्षी ३.२. मग ३.७, ३.५, ३.१ आणि २०२३-२४ ला ३.३.

म्हणजे टाळेबंदी, बंद पडलेले कारखाने, पायी घरी निघालेली माणसं, हे सगळं होऊन गेलं तरी शंभरात चारसुद्धा बेकार नाहीत. त्याच काळात राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२०-२१ साठी उत्पन्न ८ टक्क्यांनी आक्रसल्याचा अंदाज छापला होता. उद्योग उणे ११.३, सेवा उणे ९, फक्त शेती अधिक ११.७. कारखाने आणि दुकानं मिळून एवढी खाली येतात आणि बेकारी जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढते, हे गणित मला सुटत नाही.

दुसरीकडे २०२३ ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज. हजार-नऊशे रुपये फी भरून. २०२४ ची पोलीस भरती, १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज. त्यात इंजिनिअर होते, एमबीए होते. यातला एक पोरगा अनेक ठिकाणी अर्ज करतो हे मान्य, तरी ही गर्दी ३.३ टक्क्यांत कशी बसते?

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आकडा खोटा आहे की मोजण्याची पद्धत वेगळी आहे? मंदीनंतर नोकऱ्या परत आल्या, त्या जुन्याच आल्या का? आणि तुमच्या भागात प्रत्यक्ष काय दिसतंय? नाशिकला सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मला जे दिसतं ते नंतर लिहितो, आधी तुम्ही बोला. राजकारण शक्यतो बाजूला ठेवूया.

---

टपरीवरचा_चहा: बसलो

"राजकारण बाजूला ठेवूया" म्हणणारे धागे शंभरी गाठतात असा अनुभव आहे. कोपऱ्यातली जागा धरून ठेवतो.

---

सरासरी_माणूस: आकडा खोटा नाही

आकडा खोटा नाही, पण तो तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही.

तुम्ही दिलेले दर "नेहमीच्या स्थिती"चे आहेत. त्यात मागच्या ३६५ दिवसांकडे बघतात. समजा एखादा पोरगा वर्षातले बहुतेक महिने काम शोधत होता आणि मध्ये सोयाबीन काढणीला महिनाभर राबला. मुख्य स्थितीनुसार तो बेकार. पण दुय्यम काम ३० दिवस किंवा जास्त असेल तर तो रोजगारात धरतात, आणि बातमीत येतो तो हा मुख्य अधिक दुय्यम असा एकत्र दर. वडिलांच्या शेतात किंवा काकाच्या दुकानात फुकट राबणारासुद्धा रोजगारात. त्याला वेगळा रकाना आहे, "घरच्या उद्योगातील मदतनीस". मोबदला शून्य असला तरी चालतो.

दुसरं म्हणजे तेव्हा या सर्वेक्षणाचं वर्ष जुलै ते जून असायचं. त्यामुळे कडक टाळेबंदीचे एप्रिल ते जून २०२० हे महिने २०१९-२० च्या शेपटाला पडतात, २०२०-२१ मध्ये नाही. आणि ३६५ दिवसांची सरासरी काढली की तीन महिन्यांचा खड्डा बुजून जातो. तोच खड्डा आठवड्याच्या मोजणीत लख्ख दिसतो: एप्रिल-जून २०२० च्या तिमाहीत देशातल्या शहरी भागाचा दर जवळपास २१ टक्के होता. आठवड्याच्या मोजणीतही सात दिवसांत एक तास काम केलं तरी तुम्ही रोजगारात, तरीसुद्धा २१.

२०२५ पासून हे आकडे दरमहा यायला लागलेत, तेही आठवड्याच्या पद्धतीचे. पहिला एप्रिल २०२५ चा, देशाचा ५.१ टक्के. त्याची तुलना ३.३ शी करू नका, मोजमापच वेगळं आहे.

आता गंमत. २०२३-२४ मध्ये गुजरात १.१, मध्य प्रदेश १.०. केरळ ७.२ आणि गोवा ८.५. गोव्यातून मध्य प्रदेशात रोजगारासाठी लोंढे चाललेत का? उलट आहे. ज्याच्या घरात दोन पैसे आहेत तो मनासारखं काम मिळेपर्यंत थांबू शकतो आणि बेकार म्हणून मोजला जातो. ज्याच्या घरात नाहीत तो मिळेल ते करतो आणि रोजगारात जमा होतो. त्यामुळे दर कमी म्हणजे बरं चाललंय, असा अर्थ आपल्याकडे लागत नाही. माणूस काय काम करतोय ते बघा. देशात शेतीवरच्या कामगारांचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ टक्के होता, २०२०-२१ ला ४६.५ झाला. तो तात्पुरता असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. २०२३-२४ मध्येही तो ४६.१ होता. कारखानदारीचा वाटा २०१७-१८ ला १२.१ होता, २०२३-२४ ला ११.४. गावी गेलेले सगळे परत आले असते तर हे आकडे असे राहिले नसते.

---

आशावादी_पुणेकर: पीएफचं काय?

एवढं नकारात्मक कशाला? पीएफ कार्यालय दर महिन्याला नवीन खात्यांचे आकडे देतं, त्यात महाराष्ट्र कायम पहिला. देशातली साधारण पाचवा हिस्सा भर एकट्या महाराष्ट्रातून पडते. पीएफ कापला जातो म्हणजे ती पक्की नोकरी झाली ना? हिंजवडी, खराडीला या कधी सकाळी, बेकारी कुठे आहे ते दाखवा मला.

---

वळणावरचा: चाकणमधून लिहितोय

@आशावादी_पुणेकर, पीएफ कापला जातो म्हणजे पक्की नोकरी? हसावं की रडावं कळेना. थोडं लांबेल, चालवून घ्या.

मी २०१८ चा मेकॅनिकल डिप्लोमा. कॅम्पसमधून "नीम ट्रेनी" म्हणून चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. नाव लिहीत नाही, अजून याच पट्ट्यात पोट भरायचंय. नीम म्हणजे कंपन्यांत प्रशिक्षणार्थी ठेवायची सरकारी योजना. त्यात पीएफ नव्हता, ईएसआय (कामगार विमा) नव्हता, कारण तुम्ही कामगार नाही, "प्रशिक्षणार्थी". प्रशिक्षण काय, तर पहिल्या दिवशी अर्धा तास सेफ्टीची फिल्म आणि दुसऱ्या दिवसापासून लाइनवर. शेजारी परमनंटवाला. दोघांचं काम तेच, टार्गेट तेच. त्याचा गेटपास निळा, माझा पिवळा. कॅन्टीनचं ताटही वेगळ्या दराने.

माझ्यासाठी मंदी कोविडच्या आधीच आली. २०१९ च्या पावसाळ्यात गाड्यांचा खप पडला, ऑगस्टपासून ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरावीक दिवस कारखाना बंद, सुरू झाले. आधी आठवड्याला एक दिवस, मग दोन. परमनंटला घरी बसवता येत नाही, म्हणून पिवळे पास गेले. कोणी पत्र दिलं नाही. गेटवर पंच होईना, एवढंच. सिक्युरिटीवाला म्हणाला, "तुमच्या कन्सल्टंटला फोन करा." कन्सल्टंटचा फोन लागेना.

मग टाळेबंदीत गावी, परभणी जिल्हा. वडिलांची चार एकर, त्यात मी आणि धाकटा. तिघांचं काम आधी दोघं आरामात करत होती. वर सरासरीदादांनी सांगितलेला तो "मदतनीस" म्हणजे मी. शेतीला काही माझी गरज नव्हती, पण मोजणीत मी रोजगारात.

२०२१ च्या दिवाळीनंतर परत आलो. तीच कंपनी, जवळपास तेच मशीन, पण आता ठेकेदाराकडून. पीएफ कापतात, हो. पण सात-साडेसात महिने झाले की ब्रेक. २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, नाहीतर माणूस कायम करा म्हणून कायदा दाखवतो. ब्रेकमध्ये गावी जायचं किंवा डिलिव्हरीची गाडी चालवायची आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच गेटमधून आत. खराबवाडीला कॉट बेसिसवर राहायचो, एका खोलीत सहा कॉट आणि माणसं दहा. मी नाइटला गेलो की माझ्या गादीवर फर्स्ट शिफ्टवाला.

आता बरं आहे, लाइन लीडर झालोय, पण ठेकेदाराच्याच रोलवर. वय २८. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "परमनंट का?"

---

सरासरी_माणूस: पीएफच्या आकड्यांबद्दल

@वळणावरचा यांनी जे लिहिलं तेच पीएफच्या आकड्यात घडतं. दरमहा जाहीर होतो तो निव्वळ आकडा: नवे आलेले, वजा सोडून गेलेले, अधिक सोडून परत आलेले. ठेकेदार बदलला की माणूस आधी "गेला" आणि मग "परत आला". वीस माणसांची आस्थापना झाली की पीएफ लागू होतो, त्यामुळे एकोणीसचे एकवीस झाले की आधीचे एकोणीसही पीएफच्या कक्षेत येतात. त्यांच्या नोकऱ्या काही त्या महिन्यात जन्मलेल्या नसतात.

शिवाय ऑक्टोबर २०२० पासून आत्मनिर्भर भारत रोजगार योजना होती. पंधरा हजारांखाली पगार असलेल्या नव्या कामगाराचा पीएफ, हजारपर्यंत माणसं असलेल्या कंपनीत मालकाचा वाटासुद्धा, सरकार भरत होतं. नोंदणी मार्च २०२२ पर्यंत. त्या काळातली वाढ बघताना एवढं लक्षात ठेवावं. लोक कागदावर आले हेही चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही.

---

भोसरीकर: मालकाचंही ऐका कधी

माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं. मोठ्या कंपनीला माल देणारा जो, त्याला माल देणारा जो, त्याला मी माल देतो. म्हणजे उतरंडीच्या तळाशी.

इथे सगळे म्हणतायत नोकऱ्या नाहीत. माझ्या शटरवर "ऑपरेटर पाहिजे" ची पाटी कायम लटकलेली आहे, ऊन लागून अक्षरं उडाली. आयटीआय झालेला पोरगा येतो, त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर धरता येत नाही. सहा महिने मी शिकवतो. शिकला की दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जातो. नाहीतर सांगतो, "शेठ, झोमॅटोला जास्त सुटतात आणि डोक्यावर कोणी नसतं." मग मी बिहार-यूपीची मुलं ठेवतो, तर गावातले पुढारी विचारायला येतात की स्थानिक का नाहीत.

पगार वाढवा म्हणाल. कशातून? माल गेल्यावर नव्वद दिवसांनी पैसे. ४५ दिवसांत दिले नाहीत तर देणाऱ्याला खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही असा आयकराचा नियम आला, तेव्हा वाटलं सुटलो. तर आमच्या एका गिऱ्हाइकाने बिलाची तारीखच उशिराची घालायला सांगितलं. वर दरवर्षी "कॉस्ट डाउन" मागतात, म्हणजे भाव कमी करा. २०१९-२० मध्ये देशातला गाड्यांचा खप १८ टक्क्यांनी पडला, त्यात बीएस-६ या नव्या प्रदूषण नियमांचं संक्रमण, त्यावर कोविड. शेजारच्या गाळ्यांची शटरं बंद झाली ती गोदामं म्हणून उघडली. ऑनलाइन मालाची गोदामं. तिथे वीस कारागिरांच्या जागी पन्नास पोरं खोकी उचलतात. रोजगार वाढला म्हणा हवं तर.

---

वळणावरचा

काका, तुमचं म्हणणं पटतं. पण सहा महिने शिकवून तुम्ही किती देता ते लिहिलं नाहीत.

---

भोसरीकर

हातात चौदा, ओव्हरटाइम धरून अठरापर्यंत. कमी आहे, मलाही माहीत आहे. तू माझ्या जागी बसून वीस देऊन दाखव, मी तुझ्याकडे कामाला येतो.

---

टपरीवरचा_चहा

ही या धाग्यातली पहिली जॉब ऑफर.

---

अक्का_उदगीर: बायका कुठे आहेत या धाग्यात?

सगळे पोरांबद्दल बोलताय. गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल बायकांच्या रकान्यात आहे आणि त्याचं कोणाला काही नाही. देशात ग्रामीण भागातल्या १५ वर्षांवरच्या बायकांचं श्रमबळातलं प्रमाण २०१७-१८ ला २४.६ टक्के होतं, २०२३-२४ ला ४७.६. सहा वर्षांत जवळपास दुप्पट! एवढे कारखाने उघडले असते तर दिसले नसते का?

मी बचत गटांसोबत काम करते. मला दिसतं ते असं. नवरा पुण्याहून परत आला, हातात पैसा नाही. मग बाईने दोन शेळ्या घेतल्या, मशीनवर ब्लाउज शिवायला बसली, शेजारणीच्या रानात खुरपायला जाऊ लागली. आधी हेच काम ती करत होती तेव्हा "घरीच असते" असं सांगायची. आता सर्वेक्षणवाले खोदून विचारतात म्हणून काही नोंद वाढली असेल, तेही खरं. पण गरजेपोटी वाढलेलं कामही आहेच. यातल्या किती जणींना महिन्याच्या शेवटी स्वतःच्या नावावर पैसे मिळतात? याच काळात स्वयंरोजगाराचा देशातला वाटा ५२ वरून ५८ टक्क्यांवर गेला आणि पगारी नोकरीवाले २२ टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिले. स्वयंरोजगार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्टार्टअप येत असेल. माझ्या डोळ्यांसमोर एका ब्लाउजचे शंभर रुपये उधार ठेवणारी बाई येते.

आमच्याकडून ऊसतोडीला जोड्या जातात. त्यात बाई वेगळी मोजत नाहीत, "कोयता" एक म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल नवऱ्याच्या नावावर.

---

नोव्हीकर: मिशिगनचा अनुभव

मी २००६ पासून डेट्रॉइटच्या उपनगरात, वाहन उद्योगातच. इथे आपली मराठी मंडळी पुष्कळ, बहुतेक पुण्याच्या कुठल्या ना कुठल्या गाडी कंपनीतून आलेली. धागा वाचताना २००९ आठवलं म्हणून लिहितो.

तेव्हा राज्याचा बेकारीचा दर १४ टक्क्यांवर गेला होता. क्रायस्लर एप्रिल अखेरीस दिवाळखोरीत, १ जून २००९ ला जनरल मोटर्स. पुढच्या दोन-अडीच वर्षांत दर दहाच्या खाली आला आणि सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. पण त्यातला काही भाग माणसं राज्य सोडून गेल्यामुळे आणि काही कंटाळून काम शोधायचं थांबल्यामुळे. २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या घटलेलं अमेरिकेतलं हे एकच राज्य. जो शोधत नाही तो मोजणीतच नाही.

नोकऱ्या परत आल्या, पण @वळणावरचा यांच्या निळ्या-पिवळ्या पासासारख्याच. २००७ च्या करारातच युनियनने दोन थर मान्य केले होते. जुन्याला तासाला २८ डॉलरच्या आसपास, त्याच लाइनवर नव्याला १४. ते थर बऱ्याच अंशी मोडायला २०२३ चा संप लागला.

एक फरक मात्र मोठा आहे. इथे कामावरून काढलं तर राज्य दर आठवड्याला भत्ता देतं. मिशिगनमध्ये तो २६ आठवडे असायचा, मंदीनंतर तिजोरी रिकामी म्हणून २०१२ पासून २० वर आणला. कमाल ३६२ डॉलर. हे दोन्ही २०२५ पर्यंत तसंच होतं. वर २०१३ ते १५ मध्ये एका संगणक प्रणालीने चाळीसेक हजार लोकांना चुकून फसवे ठरवलं आणि वसुली लावली, तो वेगळा तमाशा. तरी भत्ता होता म्हणून माणूस आपल्या कामासारखं काम मिळेपर्यंत थांबू शकत होता आणि "बेकार" म्हणून मोजला जात होता. आम्हा एचवनबीवाल्यांना, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्यांना, ती चैन नव्हती. आम्ही आकड्यात नव्हतोच, विमानात होतो.

---

जुनाजाणता: थोडं अवांतर, पण नाही

भत्त्यावरून. नोकरदारांनी आपली पगाराची स्लिप काढून बघा. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा "पीटी" कापलेला दिसेल. व्यवसाय कर. हा १९७५ चा, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला आणलेला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून कामं निघाली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराचा भार उचलायचा, असा तो सौदा. केंद्राची मनरेगा त्यावरूनच आली.

२०२०-२१ मध्ये मनरेगावर देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं. तेव्हा महाराष्ट्रात रोज २३८ रुपये. मुंबई-पुण्याहून परत गेलेल्यांना तो आधार होता. बाहत्तरला मी शाळेत होतो, आई खडी फोडायला जात असे, सुकडी मिळायची. तेव्हा सरकारने निदान "काम नाही" हे मान्य केलं होतं. ग्रामीण भागासाठी ही तजवीज झाली, पण शहरात नोकरी गेली तर काय? त्यावर पन्नास वर्षांत फारसं कोणी डोकं खाजवलं नाही.

---

पेठेतला_अभ्यासू: मी त्या दहा लाखांतला

तलाठीही दिली, पोलीस भरतीचं ग्राउंडही. बीएस्सी ॲग्री. सदाशिव पेठेत अभ्यासिका, मेस, खोली, महिन्याला घरून दहा हजार येतात. घरच्यांना ते कसे जमतात ते मी विचारत नाही.

लोक म्हणतात खाजगी नोकरी का करत नाही. केली. बियाण्याच्या कंपनीत, टार्गेटवर, बारा हजार आणि पेट्रोल स्वतःचं. कोविडमध्ये सगळ्यात आधी आम्हाला काढलं. त्याच काळात गावातल्या ग्रामसेवकाचा पगार एक दिवस चुकला नाही. माझ्या बॅचने त्या दोन वर्षांत हे डोळ्यांनी बघितलंय. "परीक्षेचं वेड" म्हणून मोकळे होऊ नका, हा साधा हिशोब आहे.

सरासरीदादा, मी कुठल्या रकान्यात?

---

सरासरी_माणूस

जाहिरातीला अर्ज केला म्हणजे काम शोधणं धरतात, त्यामुळे बहुधा बेकार. पण सुगीत महिनाभर घरच्या शेतावर राबत असाल तर एकत्र दरात रोजगारात. देशात १५ ते २९ वयोगटाचा दर २०२३-२४ ला १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिप्पट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. तुमची अभ्यासिका त्या २९ मध्ये आहे. धागाकर्त्यांचा प्रश्न होता की गर्दी ३.३ मध्ये कशी बसते. ती बसतच नाही, सरासरीत विरघळते.

---

आशावादी_पुणेकर

बरं, मुद्दा आला लक्षात. पण मग आयटी? २०२१-२२ मध्ये आमच्याकडे माणसं पळवापळवी चालली होती, चाळीस टक्के वाढ घेऊन पोरं कंपन्या बदलत होती.

---

कोथरूडची_सून

ते दीड-दोन वर्षंच हो. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३ हजारांहून जास्त घटली, २०२५ ला बारा हजार कमी करायचं जाहीर झालं. माझ्या दिराला एका कंपनीचं ऑफर लेटर मिळून वर्ष उलटलं, रुजू व्हायची तारीखच येईना. आणि फ्रेशरचं पॅकेज? मी लागले तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास, आजही तिथेच. तेव्हा वाकडला वन बीएचके किती होता आणि आता किती ते विचारू नका.

---

मुख्यमंत्र्यांचा_भाचा_नाही

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आहे. महिन्याला बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार. सहा महिने होते, ते अकरा केले. मी तहसीलला डेटा एंट्री करतो, म्हणजे रिक्त पदाचंच काम. मुदत संपली की घरी. कायम करा म्हणून आमचं आंदोलन चालू आहे. हे सगळं कोणत्या सरकारच्या पापाने

*[पुढचा मजकूर संपादित]*

---

संपादक

कोणाचं सरकार, कोणता प्रकल्प कोणत्या राज्यात गेला आणि लाडक्या बहिणी, यावर आधीचे धागे आहेत, तिथे लिहा. इथे विषयावर राहा.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, आकड्याचं कोडं बरंच उलगडलं. कबूल केल्याप्रमाणे नाशिकचं लिहितो. अंबडमध्ये मोठ्या कंपन्या चालू आहेत, ऑर्डरी आहेत, उत्पादन कोविडपूर्वीच्या पुढे गेलंय असं ओळखीचे मॅनेजर सांगतात. पण शिफ्ट सुटताना बसमधून उतरणाऱ्यांत पन्नाशीचे परमनंट आणि बाविशीचे ठेक्यावरचे, मधली पिढीच नाही. एका कंपनीत गेल्या कित्येक वर्षांत एकही कायम भरती नाही, निवृत्त झाला की ती जागा ठेक्याला. वळणावरचा, तुमच्या वयाची माणसं नाशिकलाही तिथेच अडकलीत.

---

रानवाट: एक व्यवहारातली मदत हवी

चर्चा मोठ्यांची आहे, माझा प्रश्न छोटा. भाऊ रांजणगावला होता, तीन ठेकेदार झाले, गेल्या महिन्यात ब्रेक दिला. पीएफ तिन्हीकडचा अडकलाय, एका ठेकेदाराने "सोडल्याची तारीख"च भरली नाही आणि फोन उचलत नाही. भाऊ म्हणतो सगळा काढून टाकतो. काय करावं?

---

वळणावरचा: @रानवाट

ताई, काढू देऊ नका. मी दोनदा काढला, अजून जीव हळहळतो. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, दर वेळी सगळं काढलं की मोजणी पहिल्यापासून.

आधी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच आहे का बघा. ठेकेदार घाईत नवीन काढतात. दोन असतील तर जुन्यातली रक्कम चालू यूएएनला ट्रान्सफर करून घ्यायची. सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी भाऊ स्वतः पोर्टलवर "मार्क एक्झिट" करून भरू शकतो. आधारला जोडलेला मोबाइल चालू पाहिजे, ओटीपी त्यावर येतो.

दुसरं, त्याचा ईएसआय कापत होते का? असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा. नोकरी गेली तर सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस. दोन वर्षांची विमाधारी नोकरी आणि ठरावीक दिवस वर्गणी भरलेली लागते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आलेत, आत्ता चालू आहे का ते ईएसआयच्या शाखेत विचारूनच अर्ज करा.

---

रानवाट

ईएसआय कापत होते, कार्ड आहे. अशी काही योजना असते हे ठेकेदार सोडा, तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी शाखेत पाठवते त्याला.

---

भोसरीकर: @रानवाट

भाऊ कुठल्या मशीनवर होता? टर्निंग येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.